पिचरचं गाणं

आयोवातल्या त्या मैदानावर सॉफ्टबॉलची मॅच नुकतीच संपली होती. पंच ऑर्विल तोंडावरची जाळी काखेत मारून लेमोनेडच्या रांगेत उभा राहिला. पुढेच दोघी पोरी होत्या, हरलेल्यांची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी ब्रिन, आणि जिंकलेल्यांची मॅकेना.

“आमचं चिडवायचं गाणं मनाला लावून घेतलंस का गं?” मॅकेनानं विचारलं.

“कुठलं? ‘थरथर थरथर पिचरचा हात, आईला बोलवा मैदानात’? छे! त्याच ठेक्यावर तर मी चेंडू टाकत होते!”

“काय सांगतेस! म्हणून आम्ही पटापट बाद?”

“मग! पंचांनी तुम्हाला गप्प केलं आणि माझे चेंडू भरकटायला लागले.”

“आम्हाला वाटलं, तू दमलीस!”

“दमते कसली! आज चारला परत गाठ आहे आपली. गाल ना?”

“म्हणजे आमच्याच गाण्यावर आम्हाला बाद करणार?”

“घाबरलीस?”

“मी? घसा फाटेपर्यंत गाऊ! आणि त्याच ठेक्यावर तुझे चेंडू कुंपणापार धाडू!”

“बघू की!”

“पण तो म्हातारा पंच परत ओरडला तर?”

“नाही ओरडणार,” मागून ऑर्विल म्हणाला.

दोघी गर्रकन वळल्या.

“आणि लेमोनेडमध्ये बर्फ नको घेऊस गं. तुझा घसा बसला, तर हिचा हात चुकेल.”