आबांनी फोन गाडीला जोडला

इंदापूरच्या सीएनजी रांगेत पुढच्या गाडीतलं म्हातारं जोडपं मोठमोठ्यानं बोलत होतं. मागच्या गाडीतल्या मंदाकिनीनं ऐकायला आपली काच खाली केली.

“अवं, जोडला का फोन गाडीला?”

“जोडला! आता कुणाचाबी फोन येऊ दे, भागुबाई, सगळं गाडीत घुमणार.”

“डॉक्टरनं शुगर सांगितल्यापासनं दोनच कामं नीट केलीत. ह्ये, आन् रोजचं सकाळचं फिरणं.”

“एक दिस चुकवलं न्हाय!”

तेवढ्यात फोन वाजला. आबांनी ऐटीत बटण दाबलं.

“जय भीम, आबा! जिलेबीवाला विकी बोलतोय. आज फिरायला आला न्हाय? तुमची पावशेर गार व्हाया लागली.”

“ह्ये... ह्ये बंद कुठनं हुतंय?”

रांग पुढं सरकली. मंदाकिनीनं हॉर्न दिला नाही.

“ऱ्हाऊ द्या चालू. विकी, कढई उतरवू नगंस. अवं, गाडी वळवा. आज मीबी येते फिरायला.”