तारेला वीतभर माया

...आणि भागाकार! तुम्हाला सांगतो, भागाकार आमच्या घराण्याला मानवतच नाही! वडील पहिल्याच भागाकाराला शाळेतून जे पळाले ते थेट बोहल्यावर थांबले... आणि मी या वयात अँटेना कापायला बसलो! का काय विचारता? जुनी वाऱ्यानं तोडली, आणि सोमवारी माझ्या दोस्ताच्या घशाचं ऑपरेशन. आवाज राहील की जाईल, डॉक्टरही सांगेना! रविवारी दहाला हॅम रेडिओवर, दोघांच्या घरच्या बोलायच्या संचांवर, भेटायचं ठरलेलं. फोन कर म्हणाल! अहो, फोनवर तो सभ्य होतो! 'बरा आहेस ना, काळजी घे'... हा काय त्याचा आवाज झाला?

तर सूत्र असं : एकशे त्रेचाळीसला फ्रिक्वेन्सीनं भागा, येतील तेवढे मीटर तार, तिचे दोन सारखे तुकडे. आमची फ्रिक्वेन्सी सात पूर्णांक एक दशांश मेगाहर्ट्झ. झालं! एकदा उत्तर आलं दोनशे मीटर, एकदा दोन! मानवत नाही हो! शेवटी बायकोनं पेन हिसकावलं. वीस मीटर चौदा सेंटिमीटर. म्हणजे एकेक तुकडा दहा मीटर सात.

मापायला मेहुणी. शिवणकाम करते, टेप कायम गळ्यात. म्हणते, "भाऊजी, टोकांना वीतवीतभर माया सोडते, दुमडायला."

"अगं, हे शास्त्र आहे! तार काय धुतल्यावर आटते? केसभर जास्त नको!"

"बरं बरं," म्हणाली, आणि कट्!

रविवारी साडेनऊला गच्चीवर. तार टांगायच्या चिनी मातीच्या गोट्यात तिचं टोक ओवून पीळ मारला... आणि घाम फुटला! प्रत्येक टोकाला वीतभर तार पिळातच गेली की! हे सूत्रात कुठं होतं? जादा तार नाही, दुकानं बंद... रडवेला होऊन उरलेली तार मापली, तर दहा मीटर सात! बयेनं माझं ऐकलंच नव्हतं!

दहाला खरखर... आणि मग तो! "काय रे गाढवा, अजून पृथ्वीवरच? मला वाटलं वाऱ्याबरोबर तूही उडालास!" घसा बसलेला, पण तोच! तासभर बोलणी खाल्ली, डोळे पुसत.

"एवढं स्पष्ट? हिशोब कोणाचा?"

"दोघी बहिणींचा."

"तरीच! भागाकार तुला कुठला मानवायला!"

ऑपरेशन झालं. माणूस वाचला, आवाजाची नुसती फुसफुस उरली. असू दे! तासभराचा माझ्या कानात साठलाय. मेहुणीचे उपकार कसे फेडू सांगा... फक्त परवा तिनं मला पायजमा शिवला. वीतभर लांब! दोन्ही हातांनी वर धरून चालतोय... पण आता तोंड उघडायची सोय आहे का?