कापलेला पट्टा

विमानतळावर मोठ्या सामानाच्या रांगेत आई-बाबांसोबत उभी असलेली पुढची मुलगी पिशवीतून कयाकचं, म्हणजे एकट्यानं वल्हवायच्या अरुंद होडीचं, कमरेभोवती घट्ट बसणारं रबरी झाकण काढून चाचपत होती. मागच्या तरुणीला त्याची रचना कळेना, म्हणून ती कान देऊन ऐकू लागली.

"आई, याचा लाल पट्टा कुठंय?"

"तो लोंबणारा? कापून टाकला. परदेशात शर्यतीला अशी लक्तरं लोंबवत जाणार होतीस?"

"कापलास? अगं, धबधब्याखाली कयाक उलटली की तोच ओढून झाकण उघडायचं आणि बाहेर पडायचं असतं!"

"उलटली की?"

"आई, ऐक ना..."

"उलटतच नाही म्हणाली होतीस. अहो, तुम्हीही मान डोलावली होतीत!"

"तिथे पोचल्यावर नवा पट्टा शिवून घेऊ," बाबा म्हणाले.

"पट्ट्याचं नाही विचारत मी. तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, रांग पुढे सरकली."