हिराजींची दाढ

लवंगेचा चुरा. भावकीतलं लग्न. अधिक महिना. उजव्या गालाखाली दुमडलेली उशी. एवढ्यावर तीन वर्षं काढून हिराजी अखेर अंबरनाथ पश्चिमेच्या दातांच्या दवाखान्यात आले होते. दोनदा ते बाहेरच्या दारापर्यंत गेले, दोनदा बायकोने, सखूबाईंनी, त्यांना पुन्हा बाकावर बसवलं. पेशंटची नावं लिहिणारी रिद्धी नोंदवहीत मान घालून ऐकत होती.

“सखू, आज राहू दे. ठणका थांबलाय.”

“इथली पायरी चढली की तुमचा ठणका थांबतोच.”

“डॉक्टरीण केवढीशी पोर आहे. तिच्यापुढं असलं तोंड उघडायचं?”

“ती काही बोलत नाही. मास्क लावते नि खुर्ची मागं करते.”

“आणि सुई?”

“काटा रुतावा तेवढीच. मग ओठ इतका जड होतो, की दुसऱ्याचाच वाटतो.”

“आणि काढताना?”

“करकर ऐकू येते, दुखत नाही. नंतर अर्धा तास कापूस दाबून गप्प बसायचं. तेच तुम्हाला जमायचं नाही.”

“हस तू. जन्मभर फॅक्टरीत बंदुकीच्या गोळ्या तपासल्यात मी.”

“म्हणून तर सुईला घाबरता.”

“तुला एवढं सगळं कुणी सांगितलं?”

“बचत गटात बायका बोलतात.”

“आत येशील ना?”

“हात धरून उभी राहते. चला.”

रिद्धीने हिराजींच्या नावापुढे खूण केली आणि दार उघडून धरलं.

मागच्या मंगळवारी सखूबाईंनी एकटीने येऊन स्वतःची किडलेली दाढ काढून घेतली होती.