जमिनीत हवा भरणारा माणूस

(रोपवाटिकेच्या मागची शेड. दादा कुंड्यांत माती भरतो आहे. धाकटी बहीण प्रवासाची बॅग खांद्यावरून न उतरवताच उभी आहे.)

छोटी: म्हणजे आपण रोपवाटिका विकत नाही आहोत.

दादा: कोण म्हणालं विकतोय?

छोटी: तूच. "घरी ये, बोलायचंय, फोनवर नको." असं कुणी बोललं की माणूस काय समजणार? मी रजा टाकून आले, दादा. हॉस्पिटलच्या वॉर्डात माझ्या जागी आज कुणी नाही. वाटेत मी आईला माझ्याकडे न्यायचं ठरवलं, तिच्यासाठी खिडकीजवळची खाट ठरवली, तिच्या गुलाबांचं काय करायचं म्हणून एकदा रडूनसुद्धा घेतलं.

दादा: ती खाट राहू दे. आई कुठेही जात नाही. आई लग्न करतेय.

छोटी: कुणाचं?

दादा: स्वतःचं.

छोटी: आईचं? लग्न?

दादा: बॅग तरी खाली ठेव. त्या गोणीवर बस. नाही, ती नको, ती ओली आहे. ह्या इकडच्या गोणीवर.

छोटी: कुणाशी?

दादा: हवावाल्या साहेबांशी.

छोटी: कोण हा हवावाला? विहिरीला पेट्रोलचा वास यायला लागला इथवर मला माहीत आहे. शेजारच्या बंद पंपाची जमिनीतली टाकी गंजून फुटली होती, ती काढली, हेही तू सांगितलंस. पुढे म्हणालास, सरकारी माणूस आलाय, तो बघतोय. नवरा बघतोय असं नव्हतास म्हणाला.

दादा: तेव्हा मला तरी काय माहीत? तू मधे बोलू नकोस, मी पहिल्यापासून सांगतो.

छोटी: थोडक्यात सांग.

दादा: थोडक्यात सांगण्यासारखं नाही ते. टाकी गेली तरी पेट्रोल गेलं नव्हतं. मातीत मुरून ते खालच्या पाण्यात उतरलं होतं आणि हळूहळू आपल्याकडे सरकत होतं. म्हणून हे साहेब एक दिवस भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले, आणि नेमके आईच्या गुलाबांच्या वाफ्याशी थांबले. आई झारी घेऊन आडवी उभी राहिली. एवढंसं यंत्र नव्हतं ते, ट्रकवर बसवलेलं होतं. पण ट्रकवाल्यानेच आधी गाडी मागे घेतली.

छोटी: घेणारच.

दादा: साहेबांनी मग तिला सगळं समजावून सांगितलं. ठिकठिकाणी नळ्या घालायच्या. काही नळ्या मातीतली पेट्रोलची वाफ ओढून घेणार, ती वाफ कोळशाच्या पिंपांतून गाळायची, म्हणजे बाहेर वास नाही. काही नळ्या खाली पाण्यात हवा सोडणार. का, तर मातीत मुळातच जंतू असतात, ते पेट्रोल खातात, पण हवेवाचून गुदमरतात. त्यांना हवा द्यायची, चिमूटभर खत द्यायचं, आणि बाजूला व्हायचं. बाकीचं ते करतात. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या जमिनीत जंतू आहेत असं म्हणायचंय तुम्हाला?"

छोटी: अरे देवा.

दादा: ते बिचारे सरळ मनाने म्हणाले, हो, कोट्यवधी आहेत, आणि फार चांगल्या जातीचे आहेत. झालं. आईने त्यांच्याशी बोलणंच टाकलं. "सायकलच्या चाकात भरतात तशी हा माणूस जमिनीत हवा भरतोय" असं गिऱ्हाइकांना सांगायची. तिथून हवावाले नाव पडलं. मशीन दिवसभर घुंईं करत असायचं. तिला त्याचा एवढा राग, की फुलं घ्यायला आलेल्यांशी ती मुद्दाम ओरडून बोलायची, म्हणजे साहेबांना कळावं किती त्रास होतो ते.

छोटी: आणि ते?

दादा: त्यांना वाटायचं आईला कमी ऐकू येतं. तेही तिच्याशी मोठ्याने बोलायला लागले. कित्येक दिवस दोघं एकमेकांवर ओरडत होते आणि गिऱ्हाइकं समजत होती की हे जुने नवरा-बायको आहेत.

छोटी: दादा, मला हसवू नकोस, मला रागवायचंय अजून.

दादा: पुढचं ऐक, मग राग. आईने बोलणं टाकलं होतं, बघणं नव्हतं टाकलं. साहेब नळीत खत टाकतात ते ती कुंड्यांमागून बघायची. चमचा-चमचा मोजून टाकायचे. ते काही तिला बघवेना. तू जाणतेस तिला. घरी आलेल्या मांजराला ती पोट फुटेस्तोवर खायला घालते. जंतू झाले तरी आपल्याच जमिनीतले, त्यांना हा माणूस उपाशी मारतोय, असं तिने मनात घेतलं. आणि रोज पहाटे, साहेब यायच्या आत, आंबवलेल्या खताच्या पाण्याच्या दोन-दोन बादल्या त्या नळीत.

छोटी: मग साफ लवकर झालं?

दादा: कसलं लवकर. जंतूंनी ते आयतं जेवण खाल्लं, हवा सगळी त्यातच संपवली, पेट्रोलला तोंडच लावेनात. वर ते इतके माजले की नळ्यांत शेवाळासारखा चिकट गाळ धरला. हवा खाली जाईना. आकडे उतरत होते ते थांबले. साहेब हैराण. पुन्हा पुन्हा पाण्याचे नमुने काढायचे, बाटल्या उन्हात धरून बघायचे, दाढी करायचं विसरायचे. त्यांच्या वरिष्ठांनी सांगून टाकलं, ही पद्धत इथे चालत नाही, विहीर बुजवा आणि सगळ्या जागेवर काँक्रीट ओता, म्हणजे खालचं खाली राहील.

छोटी: सगळ्या जागेवर? म्हणजे गुलाब, वाफे...

दादा: सगळ्या. मी त्या दिवशी जेवलो नाही. साहेब आईकडे आले. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. म्हणाले, "बाई, माझं कुठे चुकलं ते मला सापडत नाही. तुमची जागा वाचवता आली नाही, त्याची लाज वाटते."

छोटी: आई काय म्हणाली?

दादा: ती उठली. आत गेली आणि बादली घेऊन बाहेर आली. त्यांच्यासमोर ठेवली. आणि सांगितलं सगळं. मी इथेच उभा होतो, मला वाटलं आता हा माणूस पोलीस बोलावणार. त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं. मग विचारलं, "किती?" आई म्हणाली, "दोन बादल्या." "एकदाच ना?" "रोज."

छोटी: मग?

दादा: साहेब एका उपड्या कुंडीवर बसले आणि हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग चष्मा खाली पडला. "खायला घातलंत," म्हणाले, "पेट्रोल पिणाऱ्यांना तुम्ही जेवायला घातलंत." आई आधी फुगली. मग तिच्या नाकातून एक आवाज आला, आणि मग तीही. छोटे, बाबा गेल्यापासून तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. पोट धरून वाफ्याच्या कडेला बसली ती. मी आत पळालो.

छोटी: का?

दादा: रडू आलं म्हणून. तू काय विचारतेस मधेच.

छोटी: बरं, बरं. मग काँक्रीट?

दादा: दुसऱ्या दिवशी आई इस्त्रीची साडी नेसून त्यांच्याबरोबर ऑफिसात गेली. साहेब नको म्हणत होते, तुमच्यावर येईल म्हणत होते. तिने वरिष्ठांना सांगितलं, "साहेबांची पद्धत बरोबर आहे. लाड मी केले." तो वरिष्ठ आधी चिडला, मग त्यालाही हसू आवरेना, मग त्याने हंगाम संपेपर्यंत मुदत दिली. आल्यावर आईने नळ्यांना झाकणं करून घेतली, कुलपं लावली आणि किल्ली स्वतःहून साहेबांच्या हातात दिली. नळ्या धुतल्या. मशीन पुन्हा घुंईं करायला लागलं. पण आता गिऱ्हाईक आलं की आई ओरडत नव्हती. गिऱ्हाइकाला जवळ बोलावून सांगायची, "हळू बोला, काम चाललंय."

छोटी: आणि पाणी?

दादा: आकडे असे उतरायला लागले की साहेब दारातूनच सांगत यायचे. शेवटी प्रयोगशाळेने लिहून दिलं, स्वच्छ. पुन्हा तपासलं, स्वच्छ. मग मशीन न्यायची माणसं आली. मशीन बंद केलं, बोल्ट सोडले आणि इथे एवढं शांत झालं की मला माझेच कान वाजल्यासारखे वाटले. साहेब विहिरीच्या कठड्याशी पाना घेऊन उभे होते. आई तिथे गेली. म्हणाली, "मशीन न्या. तुम्ही राहिलात तर चालेल."

छोटी: आपली आई असं म्हणाली?

दादा: ह्या कानांनी ऐकलं. साहेबांच्या हातून पाना सुटला तो थेट विहिरीत. डुबुक. सगळी माणसं वाकून बघतायत. आणि हे इतके गडबडले, की म्हणाले, "आता पाणी पुन्हा तपासावं लागेल."

छोटी: हे उत्तर?

दादा: हेच. बाटली भरली आणि गेले. बरेच दिवस पत्ता नाही. आई कुणाशी नीट बोलेना. गुलाबांची एवढी छाटणी केली की नुसत्या काड्या राहिल्या. मग एक दिवस ते आले, नवा शर्ट, हातात अहवाल. आईने वर न बघता विचारलं, "पाणी कसं आहे?" तर म्हणाले, "राहतो."

छोटी: दादा, रुमाल दे. तो नको, त्याला माती आहे. राहू दे, दे.

आई: (शेडमध्ये येत) एवढ्या मोठ्याने हसताय, मला पार पुढच्या फाटकापर्यंत ऐकू आलं. कधी आलीस?

छोटी: मघाशी. आई, मला का नाही सांगितलंस?

आई: सांगणार होते. कितीदा फोन लावला. तुझा आवाज आला की जेवलीस का म्हणून विचारायचे आणि ठेवून द्यायचे.

छोटी: मला वाटलं तुला विसरायला होतंय. एकाच दिवसात तू मला तीनदा जेवणाचं विचारलंस. मी इथल्या डॉक्टरांशी बोलणार होते.

आई: घ्या. मी इथे हिय्या करतेय आणि ही माझं डोकं तपासायला निघाली.

दादा: बघ आई, मी म्हटलं नव्हतं का, ही रागावणार नाही?

आई: तू गप्प बस. तुझ्या पोटात काही राहत नाही, मला हे स्वतः सांगायचं होतं. छोटे, खरं सांग. तुला राग आला असेल तर आला म्हण. तुझ्या बाबांची विहीर आहे ती.

छोटी: बाबांची होती म्हणूनच तर. त्यांनी ती खणली, ह्यांनी वाचवली. मला दोघांचाही राग येत नाही. तुझा थोडा येतोय, बादल्यांचा.

आई: तेवढा चालेल.

छोटी: ते आहेत कुठे? मला बघायचेत.

आई: फाटकाबाहेर. तू येणार म्हणून सकाळपासून तिथेच फेऱ्या मारतायत. म्हणाले, आधी मुलीशी बोला, ती नको म्हणाली तर मी इथूनच परत जाईन. किती सांगितलं, ऐकत नाहीत.

छोटी: सरक दादा, मला जाऊ दे. (फाटकाकडे जात) अहो... अहो काका. ऊन फार आहे तिकडे. आत या.