चंद्रीची लाथ

लेकरांसाठी गोष्टी लिहिणं सोपं न्हाई, बाबांनो! माझी पहिली गोष्ट मासिकात छापून आली. त्यात शेजारच्या मथुराकाकूची म्हैस, चंद्री, दिसेल त्याला लाथ मारते. खरी चंद्री एकदम गरीब. पण आमच्या पुसेगावच्या पोरांना गोष्ट पाठच झाली.

परवा काकांनी चंद्रीसाठी सेनगावचं गिऱ्हाईक आणलं, तर पोरं ओरडली, "मामा, मागं उभं राहू नका, लाथ मारते!" गिऱ्हाईक आल्या पावली परत.

संध्याकाळी काकू दारात! मी आधीच हात जोडले. "काकू, चुकलं माझं."

"काहून? मला कुठं इकायची व्हती? तुझ्या काकाचाच हट्ट." मग हळूच म्हणाली, "पुढच्या गोष्टीत तिला शिंगबी मारू दे."