सुनंदावहिनींच्या हातच्या मोटारी

सुनंदावहिनींच्या शोकसभेला जमलेल्या बंधूंनो, भगिनींनो, आणि प्राची बेटा,

मास्तर म्हणून आयुष्यभर बोललो. आज तोंड उघडत नाही. पण जे तीन वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं, ते आज तरी बोलतो.

नांदगावातल्या आपल्या प्रभाकर मिस्तरीचं दुकान सगळ्यांना माहीत आहे. विहिरीवरची मोटार जळली की आपण तिथं टाकायचो. तो नवी तार भरून द्यायचा. असं आपण समजत होतो.

एकदा दुपारी मी दुकानामागच्या खोलीत डोकावलो. सुनंदावहिनी खाली बसून मोटार भरत होत्या. प्रभाकर नुसता बाजूला बसला होता. त्याचे हात थरथरत होते. कंपवात. मला म्हणाला, "कोनाले सांगू नका मास्तर. बाईनं भरली म्हन्लं तं गिऱ्हाईक येनार नाई."

मी गप्प राहिलो. सहा वर्षं वहिनी आत मोटारी भरत राहिल्या. सहा वर्षं शाबासकी बाहेर प्रभाकरला मिळत राहिली.

तीन वर्षांपूर्वी प्रभाकर गेला. वहिनी बाहेर येऊन बसल्या. माणसं यायची, विचारायची, "मिस्तरी कोठी हाये?"

"मीच हाये. ठेवा."

ठेवली का कोणी? मोटार उचलून माणसं अमरावतीला जायची.

एक दिवस वहिनी घरी आल्या. म्हणाल्या, "मास्तर, तुमी तं डोयानं पायलं हाये. चार लोकांत सांगा नं."

मी म्हणालो, "सांगतो वहिनी."

नाही सांगितलं. बंधूंनो, त्याहून वाईट केलं. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि माझीच मोटार जळली. शेजारी म्हणाला, "बाईच्या हाती देता का मास्तर?" मी ती ऑटोत टाकली आणि त्यांच्या दुकानावरून अमरावतीला नेली. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी ऑटो पाहिला. मोटार पाहिली. मला पाहिलं.

वर्षभरात दुकान बंद पडलं. वहिनी अमरावतीत क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये स्वयंपाकाला लागल्या. माझा भाचा तिथंच जेवायचा. त्याला भेटायला गेलो, तर वहिनींनीच वाढलं. मी मान खाली घालून जेवलो. त्या म्हणाल्या, "इथं पयल्याच दिवशी कामावर घेतलं मास्तर. सैपाक येते का म्हून कोनी इचारलंबी नाई."

मंगळवारी तिथंच, चुलीपाशी, त्या कोसळल्या आणि गेल्या. छातीत कळ आली, म्हणतात. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकावर आपण काय लिहिलं? गृहिणी.

मी आज हे सांगितलं. त्यानं वहिनींना काय मिळणार? काही नाही. तुम्हाला वाईट वाटेल, घरी जाल. उद्या दुसरी एखादी दुकानात बसली, तर आपण मिस्तरी कुठे म्हणूनच विचारू. मला तुमच्याकडून काही आशा वाटत नाही. माझ्याकडूनही नाही.

प्राची, आईचं मोटार भरायचं सामान तू भंगारात देणार, असं कळलं. देऊ नकोस म्हणायचा मला अधिकार नाही.

आता उभे राहू या. दोन मिनिटं. वहिनी, हात जोडतो. माफी मागत नाही. ती मला मिळू नये.